तिच्या शेजारी वाचता येणारं माणूस

दर गुरुवारी मी तळवलीहून बस पकडते, सीवूड्सला उतरते आणि ज्यांनी मला वाचायला शिकवलं त्यांनाच वाचून दाखवते. बाईंची नजर गेली आता. पडदा आल्यासारखं दिसतं म्हणतात, माणूस कळतो पण चेहरा कळत नाही. भिंतीला छतापर्यंत पुस्तकं आहेत आणि त्यातलं एकही त्यांना उघडून उपयोग नाही. म्हणून मी जाते. जाताना तांदळाच्या भाकऱ्या नेते दोन. त्यांना त्या कधी जमल्या नाहीत.

बाई म्हणजे आमच्या मास्तरीण. लोकांच्या लेखी त्या मोठ्या विद्वान. मोठ्या माणसांना कसं शिकवावं यावर त्यांनी जे लिहिलं ते म्हणे कुठकुठल्या देशांत शिकवतात. सरकारच्या समित्यांवर होत्या, परदेशात भाषणं झाली, टीव्हीवर आल्या. आमच्यासाठी मात्र त्या दुपारी दोनच्या बसने येऊन समाजमंदिरात चटईवर बसणाऱ्या बाई. पुढे सत्कार व्हायला लागले तसतशा शाली आणून आम्हाला वाटायच्या. आमच्या आळीत बघा, कितीतरी गोधड्यांना आतून बाईंच्या सत्काराच्या शाली आहेत.

तेव्हा मी तिशीची असेन. खाडीकडची शेती नवीन शहरासाठी सरकारने घेतलेली, पुरुष कंपन्यांत लागलेले, आणि आम्ही बायका दुपारच्या मोकळ्या. पहिल्या दिवशी बाईंनी फळाही आणला नाही. म्हणाल्या, "आज मी शिकायला आलेय. काय शिकवाल?"

आम्ही तोंडात पदर धरून हसलो. एक म्हातारी म्हणाली, "बाय, तुला निवट्या साफ कराला येतान का?"

नव्हत्या येत. निवट्या म्हणजे चिखलातला मासा, बुळबुळीत, राख लावल्याशिवाय हातात ठरत नाही. बाईंच्या हातातून तो सुटला आणि थेट त्यांच्या पांढऱ्या साडीवर. म्हातारी म्हणाली, "शिकलेली हाय, पन कामाची नाय." बाई इतक्या हसल्या की आमची भीती गेली. दुसऱ्या दिवशी आमचंच ते बोलणं त्यांनी कागदावर मोठ्या अक्षरात लिहून आणलं. तो आमचा पहिला धडा. पहिला अर्धा तास आम्ही शिकवायचं, मग त्यांनी, हा नियम शेवटपर्यंत राहिला. त्या म्हणायच्या, "मोठं माणूस भरलेला हंडा असतो. वरून ओतायला गेलात तर सांडणारच. आधी त्यातलं थोडं प्या."

आणखी एक नियम होता. सही शेवटी. त्या काळी साक्षर करायचं म्हणजे सही शिकवायची, अंगठा सुटला की झालं काम. बाईंना ते पटायचं नाही. आधी पानभर वाचून दाखवा, मग सही शिका. वर्गातल्या बायका रुसायच्या, कारण हौस सगळी सहीचीच. पण बाई ऐकायच्या नाहीत.

आता माझ्या नणंदेचं सांगते.

ती माझ्यापेक्षा चार वर्षांनी मोठी. गावातच दिलेली, आमच्या घरापासून दोन आळ्या सोडून. नवरा लवकर गेला, पदरात एक मुलगी. माझं लग्न झालं तेव्हा चुलीपाशी मला पहिलं पाणी तिने आणून दिलं होतं. वर्गात आम्ही एकाच चटईवर बसायचो. मला अक्षरं लवकर आली, तिला वेळ लागत होता. शेजारी बसून माझ्या मांडीला चिमटा काढायची आणि म्हणायची, "वयनी, हलू वाच ना गो, मना बी येऊ दे."

त्या सुमारास सासरे वारले. गेलेल्या शेतीच्या बदल्यात सरकारकडून शेकडा साडेबारा एवढी जागा परत मिळणार होती, आमच्याकडे सगळे त्याला साडेबाराचा प्लॉट म्हणतात. त्यासाठी वारसांचे कागद हवे होते, आणि बहिणीचं हक्कसोड पत्र. म्हणजे बहिणीने लिहून द्यायचं की मला काही नको. रीतच होती तशी. बहिणीने सोडायचं, भावाने साडीचोळी करायची, आणि माहेरचा दरवाजा उघडा राहायचा. मी स्वतः माझ्या माहेरी असाच अंगठा देऊन आले होते. मला कुणी वाचून दाखवलं नव्हतं आणि मी विचारलंही नव्हतं.

नणंद मात्र म्हणाली, "मी सोडनार नाय. मना एक खोली व्हयी, पोरीसाठी."

आमच्या ह्यांनी वाद घातला नाही. दोन महिने गेले, मग ते तिला म्हणाले, वारसांची नोंद करायची आहे, सगळ्यांची नावं चढवायची आहेत, कचेरीत येऊन अंगठा दे. ती अंगठ्यालाही तयार होईना. तिच्या बापाने कसल्याशा कागदावर अंगठा दिला आणि शेत गेलं, हे तिने लहानपणी डोळ्यांनी बघितलेलं. तिच्या मनात बसलं होतं की अंगठा फसवतो. सही करणाऱ्या माणसाला कुणी फसवत नाही.

"मी सही करीन," ती म्हणाली. "सही शिकेन आनि मंगच येईन."

बाईंना विचारलं तर बाई म्हणाल्या, "अजून नाही. वाच आधी. तुझं अर्धं पान झालंय."

मग ती माझ्याकडे आली. ओटीवर बसली, कोळशाचा तुकडा माझ्या हातात दिला आणि म्हणाली, "तू शिकव. बायना सांगू नको."

मी शिकवलं. चार दुपारी. ओटीच्या फरशीवर कोळशाने तिचं नाव लिहायचं, तिने त्यावरून हात फिरवायचा, मग ओल्या फडक्याने पुसायचं. चौथ्या दिवशी तिला आपलं आपण आलं. उठून तिने माझ्या गालाला काळा हात लावला. आम्ही दोघी खूप हसलो.

इथपर्यंत मी बाई सोडून पुष्कळांना सांगितलं आहे. याच्यापुढचं कुणाला सांगितलं नव्हतं.

कचेरीत जायच्या आदल्या दुपारी मी कपाटात रेशनकार्ड शोधत होते. तिथे तो कागद होता, स्टॅम्पपेपरवर टाईप केलेला. मी काही तो वाचायला म्हणून काढला नाही. पण अक्षर दिसलं की वाचल्याशिवाय राहवत नाही, अशी तेव्हा माझी गत झालेली. बिस्किटाचा कागद, औषधाची बाटली, बसची पाटी, काही सोडत नव्हते. पलंगावर बसून बोट फिरवत वाचायला लागले. किती वेळ लागला देव जाणे. शेवटच्या ओळीपर्यंत पोचले. आयुष्यात पहिल्यांदा एक अख्खं पान मी एकटीने वाचलं होतं. पहिल्यांदा आनंदच झाला, खरं सांगते. दोन मिनिटं नुसता आनंद. मग काय वाचलं ते कळलं.

संध्याकाळी ह्यांना म्हटलं, "हे वारसनोंदीचं नाही."

ते जेवत होते. मान वर न करता म्हणाले, "वाचाला शिकलीस ते बरा झाला. आता गप ऱ्हावाला शिक."

ह्यांची कंपनी तेव्हा बंद पडायला आलेली. एका खोलीत आम्ही सहा माणसं. मी गप्प राहिले. आणि मनात आणखी एक होतं, तेही लिहिते. मी माझ्या माहेरी सोडलं, हिला काय वेगळं लागून गेलंय, असंही वाटलं होतं.

दुसऱ्या दिवशी ती ठेवणीतलं लुगडं नेसून आली. कचेरीतल्या माणसाने सवयीने शाईचं पॅड पुढे सरकवलं. तिने ते बोटाने मागे सारलं. "मी सही करते." तो म्हणाला, "वा मावशी!" बाकावरची चार माणसं वळून बघायला लागली. तिने पेन घेतलं, आणि मग थांबली. कागद उचलून माझ्यापुढे धरला.

"वयनी, तू वाच. काय लिवलंय?"

हे दोन हातांच्या अंतरावर उभे होते. मी कागदाकडे बघितलं. म्हटलं, "वारसांची नावं हायत. तुझं बी हाय."

खोटं नव्हतंच ते. तिचं नाव त्यात होतं.

तिने सही केली. जीभ दातांत धरून, एकेक अक्षर. त्या माणसाने विचारलं, समजलंय ना सगळं? ती ऐटीत म्हणाली, "हा, वयनीनी वाचला ना."

वर्षभराने प्लॉटवर आमचा पाया खणला तेव्हा तिला कळलं. घरी येऊन ती भांडली नाही. वर्गात आली. बाईंच्या समोर उभी राहून म्हणाली, "बाय, मी सही करून फसले." सगळं सांगितलं, कागदाचं, भावाचं. बाईंचा चेहरा उतरला. त्यांनी विचारलं, "सही कुणी शिकवली तुला?"

मी तिथेच चटईवर होते. तिने माझ्याकडे बघितलं. मग बाईंना म्हणाली, "हितंच शिकले. तुमच्या वर्गात."

त्या दिवशी तिने मला वाचवलं की शिक्षा केली, ते मला आजवर कळलेलं नाही.

पण बाईंचं पुढचं सगळं आयुष्य त्या एका वाक्यावर उभं राहिलं. आपल्याच वर्गाने हिच्या हातात सही दिली आणि डोळ्यांत अक्षर दिलं नाही, हे त्यांच्या जिवाला लागलं. त्यांनी त्यावर लिहिलं. शिकणाऱ्याचा हात त्याच्या डोळ्यांच्या पुढे जाता कामा नये, हे त्यांचं म्हणणं मास्तरांना शिकवायच्या पुस्तकांत गेलं. सही मोजून साक्षर ठरवू नका म्हणून त्या समित्यांमध्ये भांडल्या. जिथे जातील तिथे ती गोष्ट सांगायच्या, नाव न घेता. "खाडीकाठच्या एका गावात माझ्याकडून एक चूक झाली." लोक रडायचे म्हणे.

इकडे नणंद आमच्याकडे येत राहिली. भाऊबीजेला ओवाळायची, माझ्या हातचं जेवायची, मुलांचे पापे घ्यायची. फक्त दोन गोष्टी केल्या. वर्गात येणं सोडलं, आणि पुन्हा कधी मला काही वाचायला दिलं नाही. पत्र आलं, दवाखान्याची चिठ्ठी आली, लाइटचं बिल आलं, की कागद हातात घेऊन ती दुपारी निघायची, आमच्या दारावरून पुढे जायची आणि रेशनच्या दुकानदाराकडून वाचून घ्यायची. मी ओटीवर बसलेली असायची. "काय गो, जेवलीस?" असं विचारायचीसुद्धा. कागद मात्र पदराखाली.

ती जाऊन नऊ वर्षं झाली. आता त्या ओटीच्या जागी आमची चार मजल्यांची बिल्डिंग आहे, वर भाडेकरू, खाली मी. प्लॉटवरची वेगळी. गल्लीत एवढ्या गाड्या लागतात की चालायला जागा नाही. तरी दुपारी भांडी आवरून मी दाराशी बसले की ती जाते. रोज नाही. कधी महिनाभर नाही, मग लागोपाठ दोन दिवस. गाड्यांच्या मधून, हातात कागद घेऊन, माझ्याकडे न बघता. सुनेला एकदा विचारलं, आत्ता कोण गेलं गं? ती म्हणाली, "आई, कुणी नाही. कुरिअरवाला होता सकाळी." मी घाबरत नाही. बोलवावंसं वाटतं. ये, दे इकडे, वाचते, असं ओठापर्यंत येतं.

तर आता त्या गुरुवारचं.

बाईंच्या जुन्या पुस्तकाची नवीन आवृत्ती निघणार होती. त्यांना एकदा सगळं पुन्हा ऐकायचं होतं, काही बदलायचं असलं तर. महिनाभर मी प्रकरणं वाचत होते. त्या दिवशी ते प्रकरण आलं. मला माहीत होतं येणार आहे. पुस्तक माझ्याकडेही आहे, पहिल्या पानावर बाईंच्या हातचं "माझ्या पहिल्या विद्यार्थिनीला" असं लिहिलेलं. त्या प्रकरणात एक वाक्य आहे. मी वाचत वाचत तिथे आले, आणि ते वाक्य सोडून पुढच्यावर गेले.

बाई खुर्चीत डोळे मिटून बसल्या होत्या. म्हणाल्या, "एक वाक्य सुटलं."

"हो का? ओळ चुकली असेल."

"वाच."

मी वाचलं. "त्या दिवशी कचेरीत तिच्या शेजारी वाचता येणारं एकही माणूस नव्हतं."

"हं. पुढे."

पुढे जाता येईना. माझ्यापुढे अक्षरं होती, चष्मा होता, तरीही. बाई म्हणाल्या, "पाणी पी." मी म्हटलं, "बाई, सही मी शिकवली होती तिला. घरी. तुमच्या वर्गात नाही."

त्या हसल्या चक्क. "अगं, मग? त्यात काय? तुला कोणी शिकवलं, मीच ना? म्हणजे आपल्या वर्गातच की." आणि हात पुढे करून माझा हात चाचपायला लागल्या. तेवढ्यावर सुटले असते बघा. चहा आला असता, मी भाकरीचा तुकडा मोडून दिला असता आणि घरी आले असते.

मी म्हटलं, "मी शेजारी होते, बाई. कचेरीत. तिने मला वाचायला सांगितलं. मला वाचता येत होतं."

बाईंचा हात तिथेच थांबला.

"किती येत होतं?" त्यांनी विचारलं. मास्तरणीचा प्रश्न. "पानभर?"

"पानभर. आदल्या दिवशी वाचला होता सगळा. माझं पहिलं पूर्ण पान तेच."

"मला तर तू निवट्यांचा धडा वाचून दाखवलास पहिला."

"तो नंतर. तुम्हाला वाटलं तो पहिला. मी वाटू दिलं."

खाली मॉलच्या रस्त्यावर हॉर्न वाजत होते. मग बाई स्वतःशीच बोलल्यासारखं म्हणाल्या, "मी इतकी वर्षं सांगत फिरले की एक जरी वाचणारं माणूस असतं..." वाक्य पुरं केलं नाही. माझा हात सोडला. "आज नको आता. जा तू."

पुढचे दोन गुरुवार मी गेले नाही. फोनही आला नाही. तिसऱ्या गुरुवारी भाकऱ्या केल्या, परत पाठवलं तर परत येऊ म्हटलं, आणि गेले. बाई त्याच खुर्चीत. पाया पडले तर डोक्यावर हात ठेवला नाही. म्हणाल्या, "ते वाक्य मी काढणार नाही. मी तेव्हा तसंच समजत होते, ते तसंच राहील. त्याच्याखाली खरं काय ते तू लिहायचंस. तुझ्या शब्दांत. माझ्या नाही."

"मी? पुस्तकात?"

"मग कोण? शिकलेला माणूस खोटं बोलतो हे मला ठाऊक नव्हतं असं नाही. पण माझ्या पुस्तकात त्याला जागा नव्हती. वाचायला आलं की सुटलं, एवढंच लिहिलंय मी." मग जरा दम घेऊन म्हणाल्या, "आणि लिहिलंस की आधी तिच्या मुलीला वाचून दाखव. तिला ते छापलेलं बघून कळता कामा नये."

लिहायला मला दीड महिना लागला. मोठ्या मुलाला सांगितलं, आत्याच्या वाटणीचं आता तरी बघा रे. तो म्हणाला, "आई, आता कशाला उकरतेस? बिल्डिंग उभी आहे तिथे." धाकट्याने मात्र दुसऱ्या दिवशी प्लॉटची फाईल काढून टेबलावर ठेवली. एवढंच झालंय अजून. जास्त झालं असं मी सांगणार नाही.

भाची नावड्याला राहते, कॉलनीत. नवरा तळोज्याला कंपनीत, ती घरून डबे देते. मी गेले तेव्हा ती डबे धुऊन पालथे घालत होती. "मामी! फोन नाय काय नाय, अशी अचानक?" मी म्हटलं, "बस. तुला काही वाचून दाखवायचंय." ती हसली, "मामी, आता माझी परीक्षा घेनार काय?" पदराला हात पुसून समोर बसली.

मी वाचलं. वहीतलं सगळं, ओटीपासून कचेरीपर्यंत. मध्येच तिचं हसू कुठे गेलं ते मी बघितलं नाही, मान वर केली नाही. संपलं तेव्हा ती जमिनीकडे बघत होती.

"आईला ठाऊक होतं? तुला वाचता येत होतं ते?"

"ठाऊक होतं. म्हणूनच विचारलंन मला."

"मना सांगितलं नाय कधी." ती पुढे म्हणाली, "सांगायची, मामीकडे जा, मामीला सगळं वाचता येतं. मी विचारायची, मंग तू का जात नाय? तर बोलायची, माझे कागद साधे असतात."

मी वहीची पानं सरळ केली.

मग ती म्हणाली, "तो कागद वाचा, मामी."

ती मला नेहमी "तू" म्हणायची. त्या दिवशी पहिल्यांदा "वाचा" म्हणाली.

"कागद माझ्याकडे नाही गं. तो कचेरीत."

"पाठ असेल."

पाठ होता. कशाला खोटं बोलू, त्या दुपारपासून रोज मनात म्हणत आले होते. मी वही मिटली, चष्मा काढला, हात मांडीवर ठेवले आणि सुरुवात केली. लिहून देणार, अमुक यांची मुलगी, राहणार तळवली, कारणे हक्कसोड पत्र लिहून देते ऐसे जे. ती मध्ये अडवायची. "थांबा. म्हणजे काय?" मी समजावून सांगायची, मग पुढची ओळ. वडिलार्जित मिळकतीत माझा असलेला हिस्सा मी भावाच्या लाभात सोडून देत आहे. "म्हणजे?" म्हणजे तिला काही नको, असं ती म्हणते. "ती म्हनली नव्हती." नाही, म्हणाली नव्हती. कागद म्हणतो. यापुढे माझा वा माझ्या वारसांचा त्यावर काही हक्क राहणार नाही. "वारस म्हंजे मी?" हो, तू.

गॅसवर कुकर होता, त्याच्या शिट्ट्या झाल्या, ती उठली नाही. स्वखुशीने, कुणाच्या दबावाखाली न येता, मजकूर वाचून समजून घेऊन. तिथे मी थांबले. ती म्हणाली, "वाचा."

मी वाचलं.

"आनि खाली?"

"खाली तिची सही."

"कशी केली होती? दाखव मना."

मी वही उघडली, मागचं कोरं पान काढलं आणि तिच्या आईचं नाव लिहिलं, तिने केलं होतं तसं, एकेक अक्षर. भाचीने वही आपल्याकडे ओढून घेतली. तिने त्याला हात लावला नाही, नुसती बघत राहिली. मग उठली, गॅस बंद केला आणि तिकडूनच म्हणाली, "ती वही आज हितंच ऱ्हाऊ दे."

मी वही तिथेच ठेवून आले. बाईंना गुरुवारी सांगितलं, लिहिलेलं माझ्याकडे नाही, भाचीकडे आहे, ती देईल तेव्हा छापा. बाई म्हणाल्या, "नाही दिलं तर?" मी म्हटलं, मग पुन्हा लिहिते. हे जे तुम्ही वाचताय ते मी दुसऱ्यांदा लिहिलेलं आहे.